अज्ञात फळ : जेलीच्या गोळीचा थोडा इतिहास



सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा प्रथम संकोच वाटला. देरासराची प्रतिष्ठा, चातुर्मास, दात्यांचे औदार्य यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध आला तो रंग उडालेल्या कापडाच्या तक्रारींपुरता. तरीही गेली काही वर्षे एक विषय मनात घर करून आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने झाली आहे. ती चूक येथे लिहून ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी पर्युषणात पाठशाळेच्या मुलांच्या प्रभावनेची खरेदी माझ्याकडे होती. खडीसाखर, सुका मेवा, पेन्सिली हे दरवर्षीचेच. यंदा मुलांना आवडेल असे काही द्यावे, या हौसेने मुंबईच्या घाऊक बाजारातून परदेशी बनावटीच्या फळांच्या जेलीच्या गोळ्यांची दोन खोकी आणली. पुडीवर संत्रे, स्ट्रॉबेरी, आंबा यांची रसरशीत चित्रे होती. फळे म्हणजे शाकाहार, एवढाच माझा विचार. वाटप निम्मे झाले असेल-नसेल, तोच सहावीतील एका मुलीने पुडी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, “काका, जिलेटिन म्हणजे काय?”

मला उत्तर ठाऊक होते. औषधाच्या कॅप्सूलच्या निमित्ताने आपल्या घरांत हा शब्द पूर्वीच आलेला आहे. पण जो शब्द औषधाच्या दुकानात डोळ्यांत तेल घालून शोधतो, तो मिठाईच्या खोक्यावर मी वाचलाच नव्हता. तोवर काही मुलांनी गोळ्या खाल्लेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज साहेबांकडे जाऊन आलोचना घेतली. त्या प्रायश्चित्ताचा एक भाग मी स्वतःहून वाढवून घेतला. ही गोळी आली कोठून, याचा शोध घ्यायचे ठरवले. पुढील मजकूर त्या शोधाचा आहे.

फळाचा रस साखरेत आटवून घट्ट करणे ही काही पाश्चात्त्यांची मिरासदारी नव्हे. कोकणातील आंबापोळी व फणसपोळी, घरोघरचा मुरांबा, गोव्यात नाताळला होणारी पेरूची वडी म्हणजे पेराद, ही सारी त्याच कुळातील. पेराद घट्ट होते ती पेरूच्या स्वतःच्या गुणाने. फळाच्या पेशींत एक चिकट द्रव्य असते. साखर, आंबटपणा आणि उष्णता यांचा योग जुळला की त्याचे जाळे होते आणि रस त्यात धरला जातो. फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली या द्रव्याला पेक्टिन हे नाव दिले. आपल्या पाचगणीत किशोर व्होरा यांनी १९५९ साली मॅप्रो हा उद्योग सुरू केला तो स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून. त्या भागातील जॅम-सरबतांच्या धंद्याने महाबळेश्वरच्या फळाला बारमाही गिऱ्हाईक मिळवून दिले. जॅम घट्ट व्हायला पेक्टिन पुरते. त्यासाठी कोणाच्या हाडाचामड्याची गरज पडत नाही.

मग जिलेटिन आले कोठून? जुन्या मंडळींना सुतार आणि पुस्तकबांधणीवाले वापरीत तो सरस आठवत असेल. भांड्यात उकळू लागला की दुर्गंधीने गल्ली भरून जाई. जिलेटिन हे त्या सरसाचेच शुद्ध केलेले भावंड होय. जनावरांची कातडी, हाडे व स्नायुबंध यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते आम्लात किंवा चुन्यात भिजवून गरम पाण्यात काढले की जिलेटिन हाती येते. आम्लाची रीत प्रामुख्याने डुकराच्या कातडीसाठी, चुन्याची गुरांच्या हाडाचामड्यासाठी. डेनिस पापँ यांनी १६७९ साली दाबाखाली शिजवण्याचे जे भांडे केले, म्हणजे आजच्या कुकरचे पूर्वज, त्याचा एक उपयोग हाडांतून हेच द्रव्य काढण्याचा होता. अमेरिकेत १८४५ साली जिलेटिनच्या गोड पदार्थाचे पेटंट घेणारे पीटर कूपर यांचा मूळ धंदा सरसाचाच, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८९७ साली जेल-ओ नावाची फळांच्या स्वादाची भुकटी तेथे निघाली. जर्मनीतील बॉन शहरात हान्स रीगल यांनी १९२० साली हरिबो ही कंपनी काढली आणि १९२२ साली अस्वलाच्या आकाराची गोळी बाजारात आणली. आज आपल्या नातवंडांच्या हाती असलेली प्रत्येक अस्वल-गोळी त्या अस्वलाची वंशज आहे.

कारखानदार जिलेटिनवरच का अडून बसले, यालाही कारण आहे. जिलेटिन शरीराच्या उष्णतेला, सुमारे ३५ अंशांना वितळते, म्हणून गोळी दातांखाली लवचीक लागते आणि जिभेवर विरघळते. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर वितळायला सुमारे ८५ अंशांची उष्णता लागते. ते तोंडात तुटते, विरघळत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाइकाच्या जिभेने निकाल दिला आणि जीवदयेला तेथे मताधिकार नव्हता.

अगर-अगरचा विषय निघाला आहे तर थोडे विषयांतर करतो. जपानमध्ये सतराव्या शतकापासून समुद्रशेवाळ उकळून, थंडीत गोठवून, वाळवून हा पदार्थ केला जातो. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवीत, तर उन्हाळ्यात ते वितळून जाई. तेथील एका शास्त्रज्ञाची पत्नी फॅनी हेसे यांनी १८८१-८२च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरातील अगर सुचवले, कारण त्यांची फळांची जेली उन्हाळ्यातही घट्ट राही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात एका गृहिणीचे हे स्थान आहे. परंतु आपल्यासाठी प्रश्न तेथे संपत नाही. ‘जीवविचार’ प्रकरणात शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात, म्हणजे अनंतकायात आहे. मग समुद्रशेवाळापासून केलेले चायना ग्रास चालावे काय? ‘शाकाहारी जेली’ म्हणून आपण ज्यावर विसंबतो, ती जैन आहारात बसते असे गृहीत धरू नये. याचा निर्णय माझ्यासारख्याने देणे अनुचित; आपल्या गुरुभगवंतांस विचारावे, एवढेच म्हणतो.

आता रंगांकडे वळू. येथे मात्र मी थोडा अधिकाराने बोलू शकेन, कारण खाण्याच्या रंगांचा इतिहास हा बराचसा कापडाच्या रंगांचा इतिहास आहे. मेक्सिकोतील निवडुंगावर वाढणारा कोचिनील हा कीटक वाळवून त्यापासून किरमिजी रंग काढीत. एक पौंड कोचिनीलसाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात. सोळाव्या शतकात स्पेनने तो युरोपात नेला आणि राजेरजवाड्यांची, धर्मगुरूंची व सैन्याधिकाऱ्यांची वस्त्रे त्यात रंगू लागली. इंग्रजांनाही हिंदुस्थानात हा कीटक पाळून नफा कमवायचा होता. १७९५ साली ब्राझीलहून कीटक आणले ते चुकीच्या जातीचे निघाले. रंग काही मिळाला नाही, मात्र त्या किड्यांनी येथील निवडुंगाचा फडशा पाडला! हाच कोचिनील आज कार्माइन अथवा ई १२० या नावाने लाल-गुलाबी गोळ्यांत, दह्यांत, सरबतांत असतो. काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते असे आढळल्यावर अमेरिकेने २०११ पासून त्याचे नाव वेष्टनावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. तोवर तेथे ‘रंग घातला आहे’ एवढेच लिहून भागत असे.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग काढला आणि कापडाच्या दुनियेत क्रांती झाली. मंजिष्ठा, नीळ यांची शेती त्या क्रांतीने बसवली. हेच डांबरजन्य रंग पुढे मिठाईत शिरले. टार्ट्राझिन हा पिवळा रंग स्विस रसायनज्ञ झिगलर यांनी १८८४ साली शोधला. लोकर आणि रेशीम त्याने उत्तम रंगते, आणि लिंबाच्या स्वादाची गोळीही. अमेरिकेत बाजारातील सुमारे ८० रंगांपैकी १९०७ साली सातांनाच परवानगी उरली. आपल्याकडे अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला आणि १९५५ पासून अमलात आला. आज आपल्या नियमांत आठ कृत्रिम खाद्यरंगांना मुभा आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि सर्वसाधारणपणे दहा लाखांत १०० भाग या मर्यादेत.

परवानगी नसलेल्या रंगांची कथा निराळीच. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामिन बी ही नावे रंगाऱ्यांना परिचित आहेत. ती कापडा-कागदासाठी आहेत. २०२४च्या फेब्रुवारीत पुद्दुचेरी व तमिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’त ऱ्होडामिन बी सापडल्यावर त्या मिठाईवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटकानेही त्या रंगाविरुद्ध पाऊल उचलले. आमच्या बाजारात स्वस्त ओढणीचा रंग धुतल्यावर जातो तेव्हा गिऱ्हाईक भांडायला येते. तोच रंग पोराच्या जिभेवर उतरला तर आईबाप हसून फोटो काढतात. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण पाहिले ते असे.

मान्य रंगांविषयीही शास्त्रज्ञांत पूर्ण निश्चिंती नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता वाढल्याचे दिसले. त्यानंतर युरोपीय संघाने २०१० पासून अशा सहा रंगांच्या वेष्टनांवर मुलांच्या लक्ष व वर्तनासंबंधी इशारा छापणे सक्तीचे केले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो ४आर हे आपल्या यादीतील चार रंग त्या सहांत आहेत. आपल्याच आठांपैकी एरिथ्रोसिनची अन्नातील परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली आणि कारखानदारांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. आपल्या वेष्टनावर मात्र ‘मान्य कृत्रिम खाद्यरंग आहेत’ हे वाक्य आणि एखादा आकडा, एवढेच असते.

आता कायद्याकडे येतो, कारण आपल्या समाजाचा या इतिहासाशी खरा संबंध तेथे आहे. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेल्या जनावराच्या चरबीची भेसळ उघडकीस आली, तेव्हा घरोघरी डबे रिकामे केल्याचे अनेकांना स्मरत असेल. २००१ साली मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतील बटाट्याच्या तळणीत गोमांसाचा स्वाद असल्याचे कळले आणि येथे मुंबई-ठाण्यातही निदर्शने झाली. आपल्या देशात तो वापरत नाही असे कंपनीने सांगितले. अमेरिकेतील दाव्यात २००२ मध्ये तिने १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दरम्यान पुण्यात १९७४ साली सुरू झालेली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था, डायना रत्नागर यांच्या नेतृत्वाखाली, वेष्टनावर शाकाहाराची खूण असावी यासाठी चिकाटीने झगडत होती. मिठाईवरील चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या व कातड्यांच्या थरांत कुटतात, हेही याच संस्थेने लोकांपुढे आणले आणि कित्येक संघांनी वर्ख बंद केला. २०१६ साली वर्खाच्या निर्मितीत प्राणिज साहित्य वापरू नये असा नियमच झाला.

खुणेची अधिसूचना प्रथम २००० साली मांसाहारासाठी निघाली आणि डिसेंबर २००१ मध्ये शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याची. आपले मीरा-भाईंदर नगरपालिकेचे महानगरपालिका झाले ते २००२ साली. त्याच वर्षी हिरवा ठिपका किराणा दुकानांत दिसू लागला. पूनम सागरमधील आपल्या बहिणी तेव्हापासून तो ठिपका पाहून निर्धास्त पिशवीत माल टाकतात. येथेच मला सावध करावेसे वाटते. २०२०च्या लेबल नियमावलीत मांसाहाराची व्याख्या करताना दूध व दुधाचे पदार्थ वगळले आहेत, तसेच मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक म्हणजे लाखही वगळली आहे. म्हणजे मध घातलेल्या आणि लाखेची चकाकी दिलेल्या गोळीवर हिरवा ठिपका असू शकतो आणि तो कायद्याने योग्यच असतो. मध आपल्या बावीस अभक्ष्यांत आहे. लाख हा झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत झाडावर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. ती काढताना काय होते ते सांगावयास नको. गोळ्या एकमेकींस चिकटू नयेत म्हणून त्यांवर मेणाचा हात देतात, त्यास ई ९०१ म्हणतात. लाखेला ई ९०४.

कंदमुळांचे तर ठिपक्याला देणेघेणेच नाही. कृत्रिम रंगांची भीती वाढल्यापासून कारखाने ‘नैसर्गिक रंगां’कडे वळले आहेत. हे नैसर्गिक रंग म्हणजे बहुधा बीटचा अर्क किंवा काळ्या गाजराचा अर्क! डांबर टाळावे तर किडा, किडा टाळावा तर कंदमूळ, अशी आपली अवस्था. स्टार्च बटाट्याचा की मक्याचा, हेही दर वेळी लिहिलेले नसते.

ॲलर्जीविषयी नियम आता बराच स्पष्ट आहे. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळे, सोया, दूध आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट, यांची घोषणा वेष्टनावर करावी लागते. सल्फाइट वाळवलेल्या फळांचा रंग टिकवते. दम्याच्या काही रुग्णांना ते त्रास देते. या यादीत जिलेटिन मात्र नाही. जपानमध्ये १९९०च्या दशकात काही मुलांना लस टोचल्यावर तीव्र ॲलर्जी झाली. तपासाअंती लसीतील जिलेटिन कारण ठरले, आणि त्यांपैकी काहींना जिलेटिनचे पदार्थ खाल्ल्यावरही तसाच त्रास होत असल्याचे आढळले. लहान कपातील जेलीचा धोका याहून सरळ आहे. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाची ती घट्ट जेली तोंडात विरघळत नाही. एका झटक्यात ओढली की घशात अडकते. अनेक देशांत बालके दगावली, तेव्हा अमेरिकेने २००१ मध्ये इशारा देऊन आयात रोखली आणि युरोपीय संघाने २००२ मध्ये बंदी घातली. वाढदिवसाच्या पिशवीत असा कप आला तर आजी-आजोबांनी तो आधी आपल्या हाती घ्यावा.

गोळीतील आंबटपणासुद्धा लिंबाचा नव्हे. १९१७ साली जेम्स करी यांनी साखरेच्या द्रावणावर काळी बुरशी वाढवून सायट्रिक आम्ल काढण्याची रीत दाखवली आणि काही वर्षांतच इटलीच्या लिंबांचा धंदा बसला. ग्लुकोजचा पाक मक्याचा, आंबट बुरशीचे, वास प्रयोगशाळेचा, रंग डांबराचा किंवा किड्याचा, बांधणी हाडाचामड्याची. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ पासून अशा पदार्थांचा ‘अतिप्रक्रियायुक्त’ असा स्वतंत्र वर्ग मांडला. स्वयंपाकघरात जे घटक नसतात ते यांत असतात, ही त्याची सोपी ओळख.

हे सारे वाचताना मला वारंवार वंकचूलाची कथा आठवे. पाठशाळेत ती प्रत्येकाने ऐकली आहे. चोरांच्या पल्लीचा तो नायक. आचार्यांकडून त्याने चार नियम घेतले आणि त्यांतला पहिला, ज्याचे नाव ठाऊक नाही ते फळ खायचे नाही. रानात भुकेल्या सोबत्यांनी सुंदर, सुगंधी फळे तोडून खाल्ली. ती किंपाकाची होती. नियमामुळे वंकचूल तेवढा वाचला. बावीस अभक्ष्यांत अज्ञात फळ का घातले असावे, हा प्रश्न मला लहानपणी पडे. शहरात कोणते फळ अज्ञात असणार? माझ्या खोक्यावर तीन फळांची चित्रे होती आणि आत त्यांतले एकही नव्हते.

२०२१च्या डिसेंबरमध्ये ‘राम गौ रक्षा दल’ यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येक घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिज, हे त्याचे प्रमाण कितीही अल्प असले तरी जाहीर केले पाहिजे. त्या प्रकरणात ई ६३१ या स्वादवर्धकाची चर्चा झाली. ते मासे-मांसापासूनही निघते आणि वनस्पतिजन्य मालापासूनही, आणि नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. ई ४७१चेही तसेच. आणि जिलेटिनची गंमत अशी की, युरोपात ते मिश्रक नव्हे तर अन्नघटक मानतात, म्हणून तेथे त्याला ई क्रमांकच नाही. आकड्यांची यादी खिशात ठेवून फिरणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. यादीतील आकडा सापडला नाही म्हणजे माल निर्दोष ठरत नाही. तो शब्दच वाचावा लागतो.

आमच्या समितीत यावर मतभेद झाले, हेही नमूद करतो. एका ज्येष्ठ श्रावकांचे म्हणणे, “लेबले वाचत बसलो तर सामायिक कधी करायचे? बाहेरचे खाणे सोडा, विषय संपला.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यांच्या घरी ते पाळलेही जाते. पण शाळेच्या डब्यात, वाढदिवसाला, लग्नाच्या मांडवात मुले जे खातात ते आपल्या हाती राहिलेले नाही. मुलांना वाचता येते. मग त्यांना काय वाचायचे ते तरी सांगावे, असे माझे मत पडले. अखेर पाठशाळेत महिन्यातून एका रविवारी मुले घरून रिकामी वेष्टने घेऊन येतात आणि एक भगिनी ती वाचवून घेतात. प्रभावनेत पुन्हा खडीसाखर आणि राजगिऱ्याचे लाडू आले आहेत. लाडूंत साखरेऐवजी गूळ घ्यावा की नाही यावर वाद चालू आहे. तो चालू राहो.

उरलेल्या पुड्यांचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटेना. परत न्याव्या तर व्यापाऱ्याने नकार दिला. त्या खोक्यांवर आयातदाराची चिकटपट्टी नव्हती, ठिपकाही नव्हता. “सगळे हेच नेतात,” एवढेच त्याचे उत्तर. दुसऱ्या कोणाच्या मुलांना द्याव्यात तर ते अनुमोदन झाले असते. अखेर खोके दुकानाच्या माळ्यावर टाकले आणि विसरलो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते हाती लागले. आपल्याकडे चलित रसाचा विचार आहे. वर्ण, गंध, रस बदलला की पदार्थ अभक्ष्य. एक पुडी फोडून पाहिली. खपण्याची मुदत कधीच उलटली होती, पण संत्र्याची गोळी तशीच केशरी होती, वासही तोच, बोटाने दाबली तर पूर्वीसारखीच उसळून वर आली. नोकराला सांगून ते खोके त्याच दिवशी टाकून दिले.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.